रबराचं डांबर ठीक, पण खालच्या काळ्या मातीचं काय

दादा, टायरचं रबर घातलेलं डांबर वापरलं की रस्ता उखडणारच नाही असं तुम्ही म्हणलात, ते अर्धंच खरंय. फायदा आहेच, जुन्या टायरचा बारीक भुगा चांगल्या कडक तापलेल्या डांबरात घोटला की तो डांबरातलं हलकं तेल पिऊन फुगतो, मग डांबर चिवट होतं, उन्हात लवकर पघळत नाही, अन आपल्या परभणी-नांदेडचा मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको, चप्पल चिकटती रस्त्याला. अमेरिकेत फीनिक्ससारख्या तापत्या शहरात १९६० च्या दशकात चार्ल्स मॅकडोनाल्ड या इंजिनिअरनं हे सुरू केलं ते उगीच नाही. पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगती अन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळती. आमच्या गावच्या रस्त्याला कडेनं लांबच लांब चीर गेलीय, वरचं डांबर अजून काळंभोर आहे, खालचा भरावच खचलाय. तिथं रबर काय करणार? आधी मुरूम नीट दाबा, कडेच्या नाल्या काढा, मग टाका रबराचं डांबर. अन हो, टाकीतलं डांबर ढवळत ठेवलं नाही तर भुगा तळाला बसतो, साईटवर कुणीतरी हे बघायलाच पाहिजे.