चेंजलिंग ही निव्वळ पोरांची गोष्ट नव्हे

स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोककथांतल्या पऱ्या-भुतांपैकी ब्राउनी घरकाम उरकते, लेप्रेकॉन जोडे शिवतो, बॅन्शी मरणाआधी आक्रोश करते, हे ठीक. पण चेंजलिंग, म्हणजे पऱ्यांनी पळवलेल्या माणसाच्या जागी ठेवलेला तोतया, ही नुसती पोरांना भीती घालायची गोष्ट असं कुणी म्हटलं, तर ते काही पटत नाही. आयर्लंडमध्ये पऱ्या तान्ह्या बाळांसारख्याच मोठ्या बायकाही पळवतात आणि जागी हुबेहूब तोतया ठेवून जातात, अशी समजूत होती.

१८९५ साली टिपरेरी परगण्यातली ब्रिजेट क्लीअरी आजारी पडली आणि नवरा मायकेल म्हणायला लागला, ही माझी बायकोच नव्हे. नातेवाइकांनी तिला धरून ठेवलं, दुधात उकळलेला झाडपाला घशात कोंबला, तू कोण ते सांग म्हणत चुलीवर धरलं. पुढच्या रात्री नवऱ्याने तिला जाळलंच. वर हा गडी जवळच्या 'फेअरी फोर्ट'वर, म्हणजे जुन्या गोल मातीच्या तटबंदीपाशी, वाट बघत बसला! खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, काळ्या मुठीच्या सुरीने दोर कापले की सुटेल, असा त्याचा हिशेब. कोर्टाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठपका ठेवला, पंधरा वर्षं तुरुंगात गेली. गोंडस पंखवाली परी शोधायची तर इंग्रजी चित्रांतच शोधा.