रेझिनचे व्हेंटिलेटर पावसात फुगतायत, आयसीएफ डब्यांसाठी कास्टिंग करणाऱ्यांनी जरा सांगा

कळवा_लूपलाइन
१२ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. कळव्यात राहतो, एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १:८७) मॉडेल रेल्वेसाठी आयसीएफचे, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धर्तीचे डबे प्लास्टिक शीट कापून स्वतः बनवतोय. सहा डब्यांची गाडी करायची आहे, ऐंशीच्या दशकातली, विटकरी रंगाची, लहानपणी आजोबांचा हात धरून ठाण्याच्या फलाटावरून बघायचो तशी. बॉडी झाल्या, अडलंय ते छतावरच्या व्हेंटिलेटरवर. सगळे मिळून शंभराच्या आसपास लागणार आणि आपल्या डब्यांचे पार्ट कुठे मिळत नाहीत, जर्मन-अमेरिकन मिळतात पण ते लावले की डबा आपला वाटतच नाही. म्हणून पितळी सळई ड्रिलमध्ये धरून कानशीने घासून एक मास्टर (ज्यावरून साचा करायचा तो मूळ नमुना) काढला, तीन रविवार गेले त्यात पण मनासारखा झालाय. त्याचा सिलिकॉनचा साचा केला, सपाट बूड वर आणि टोपी खाली असा उघडा साचा, आणि त्यात पीयू (पॉलियुरेथेन) रेझिन ओततो.

एप्रिल-मेमध्ये तीसेक नग काढले, एकदम स्वच्छ. आता जूनच्या शेवटापासून तोच साचा, तीच बाटली, तेच माप, आणि नग बाहेर काढला की आतून पावासारखा जाळीदार. काही तर साच्याच्या वर फुगून येतात. वरून ठीक दिसला तरी पॉलिश पेपर लावला की खड्डे उघडे पडतात. हळू ढवळून पाहिलं, साचा दाबून पाहिला, टूथपिकने कोपरे टोचले, टाल्कम लावून पाहिली. एक मित्र म्हणतो प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली फुगे दाबून टाकणारं बंद भांडं) घेतल्याशिवाय जमणार नाही. कॉम्प्रेसर आणि पॉट म्हणजे खर्च बराच आहे म्हणून आधी इथे विचारतोय. आणि घरचा कुकर वापरून काही जमतं का?

दुसरं म्हणजे पुढे बफर (डब्याच्या टोकाचे धक्के झेलणारे) आणि अ‍ॅक्सल बॉक्सपण (चाकाच्या आसाचं टोक बसतं ती पेटी) ओतायचे आहेत, ते रेझिनमध्येच करू की धातूत?

नेरळ_ते_नेरुळ
१३ जुलै, सकाळी ७:०५

आधी कुकरचं, कारण ते महत्त्वाचं. अजिबात नको. घरचा कुकर साधारण एक किलो प्रेशरला शिट्टी सोडतो, तो वाफेसाठी बनवलेला असतो, त्यात कॉम्प्रेसरची हवा भरायची नाही. कास्टिंगला ४० ते ६० पीएसआय, म्हणजे साधारण तीन-चार किलो प्रेशर लागतं, त्यासाठी रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलंच भांडं हवं. आणि ज्या भांड्यात रेझिन गेलं ते परत स्वयंपाकात येता कामा नये.

आता तुमचा प्रॉब्लेम. मला वाटतं यात साच्याचा दोष नाहीये, पावसाचा आहे. पीयू रेझिनच्या दोन भागांपैकी एकात आयसोसायनेट असतं, त्याला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे रेझिन स्वतःच आतून गॅस सोडतं आणि फेसाळतं. जुलैत आपल्याकडे हवा इतकी दमट असते की बाटलीचं झाकण चार वेळा उघडलं तरी पुरे. तुमची बाटली एप्रिलपासून उघडी-बंद होतेय, तिने आतापर्यंत भरपूर ओल ओढली असणार. झाकणाच्या कडेला कडक पापुद्रा किंवा आत खडे दिसतात का बघा.

खात्री करायची तर थोडं रेझिन एका कोरड्या प्लास्टिकच्या कपात नुसतं मिसळून ठेवा, साच्यात ओतूच नका. कपातसुद्धा फेस येऊन वर चढलं तर रेझिन ओलं आहे. कपात स्वच्छ जमलं आणि साच्यातच खड्डे येत असतील तर हवा अडकतेय. तसे खड्डे दिसायलाही वेगळे असतात, हवेचे मोजकेच असतात, मोठे, आणि ठरावीक कोपऱ्यात. ओलाव्याची बारीक जाळी सगळीकडे सारखी पसरते, तुम्ही पाव म्हणालात ना, अगदी तसं.

मी माथेरानची गाडी करते, १:७६ मध्ये, ९ मिलीमीटरच्या ट्रॅकवर. खरा गेज (दोन रुळांमधलं अंतर) ६१० मिलीमीटर, म्हणजे त्या स्केलला ८ व्हायला हवा, पण चालवून घेते. गेल्या पावसाळ्यात माझीही तीच रड होती. मग काय काय बदललं ते लिहिते. नवीन रेझिन आलं की पहिल्याच दिवशी छोट्या कोरड्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवते म्हणजे वर हवेला जागाच राहत नाही, आणि या बाटल्या सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणि कागदी कप बंद केले कारण लाकूड आणि कागद स्वतःच ओल धरून असतात, स्टीलची पट्टी आणि प्लास्टिकचा कप वापरते. टाल्कमही ओल धरते, ती आधी उन्हात किंवा गरम तव्याजवळ वाळवा (तव्यावर नको). आणि साचा ओतायच्या आधी ५०-६० डिग्रीला अर्धा तास गरम करते. त्याने साचा कोरडा होतोच, शिवाय तुमचे व्हेंटिलेटर चार-पाच मिलीमीटरचे असणार, एवढ्याशा नगात रेझिनला स्वतःची उष्णता पुरत नाही आणि ते रबरासारखं मऊ राहतं, गरम साच्यात नीट कडक होतं.

शक्य असेल तर एसी लावलेल्या खोलीत ओता, एसी हवेतलं पाणी काढतो. पण मास्क आणि हातमोजे घाला आणि काम झालं की खिडकी उघडा, आयसोसायनेट छातीला वाईट असतं.

एक गंमत म्हणजे साच्याच्या टिन क्युअर (कथलाच्या संयुगाने जमणाऱ्या) सिलिकॉनचं बरोबर उलटं असतं, त्याला जमायला थोडी ओल लागतेच, म्हणून पावसाळ्यात ते लवकर घट्ट होतं. नवीन साचे करणार असाल तर हात पटापट चालवा, मे महिन्यात जेवढा वेळ मिळत होता तेवढा आता मिळणार नाही.

नौपाड्याचा_ओतारी
१३ जुलै, दुपारी ३:४०

ताईंनी रेझिनचं बरोबर सांगितलंय. मी साच्याबद्दल बोलतो, वागळे इस्टेटला डाय कास्टिंगच्या शॉपमध्ये २६ वर्षं काढली आहेत त्यामुळे आधी साच्याकडेच लक्ष जातं.

प्रेशर पॉट लागतच नाही असं मी म्हणणार नाही, पण या पार्टला नाही लागत. टोपी खाली आणि बूड वर म्हणजे हवा अडकणार ती टोपीच्या कडेखालच्या खाचेत. साचा थोडा तिरका धरा, एका कडेने बारीक धार सोडा, रेझिन खालून वर चढत गेलं पाहिजे, मग हवा आपसूक दुसऱ्या कडेने निघते. आधी जुन्या बारीक ब्रशने त्या खाचेत एक थेंब फिरवून घेतला तर अजून चांगलं. आणि पॉट घेतलाच तर एक लक्षात ठेवा, साचासुद्धा त्याच प्रेशरखाली जमवावा लागतो. नाहीतर सिलिकॉनच्या पोटात जे बारीक फुगे राहिलेले असतात ते ओतताना दाबले जातात, साच्याची भिंत तिथे आत जाते आणि प्रत्येक नगावर त्याच जागी पुळी येते. लोकांना वाटतं रेझिन खराब आहे, पण दोष साच्यात असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. छतावर रेझिन आणि खाली धातू, माझं मत सरळ आहे. आयसीएफच्या डब्याची बॉडी २१,३३७ मिलीमीटर, एचओला २४५ मिलीमीटर. अमेरिकेच्या एनएमआरएचा (मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) वजनाचा जो हिशेब आहे, एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, त्याने डबा साधारण १६५ ग्रॅमचा हवा. प्लास्टिक शीटचा डबा त्याच्या जवळपासही येत नाही. वजन तर घालायचंच आहे, मग ते बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यात घातलं की डबा वळणावर कलंडत नाही. उलट छतावर धातूचे व्हेंटिलेटर लावलेत तर डोकं जड होईल.

अ‍ॅक्सल बॉक्सला दोन भागांचा साचा करा. मास्टर अर्धा क्लेमध्ये दाबा, बाजूला पेनाच्या टोपणाने चार खळगे करा म्हणजे दुसरा भाग नेमका बसेल, पहिलं सिलिकॉन ओता. ते जमलं की क्ले काढून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि मग दुसरं ओता. व्हॅसलीन विसरलात तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि मास्टर आतच राहतो, कापून काढावा लागतो. क्ले बिनगंधकाचा घ्या, प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन (प्लॅटिनमच्या संयुगाने जमणारं) गंधकाला लागलं की चिकटच राहतं. ओतायचं भोक जाड भागाकडे, आणि जिथे जिथे बारीक टोक आहे तिथून ब्लेडने केसाएवढी हवेची वाट बाहेर काढा. साच्याला टाल्कमचा हात द्या, धातूला ती वाट करून देते, तिच्यावरून रस सरकतो.

आम्ही शिसं-कथलाचा मिश्रधातू वापरायचो, १८३ डिग्रीला वितळतो, स्वस्त आणि छान वाहतो.

नेरळ_ते_नेरुळ
१३ जुलै, संध्याकाळी ६:१५

काका, बाकी सगळं पटलं पण फ्लॅटमध्ये शिसं नको. माझ्याकडे सहा वर्षांची मुलगी आहे, तिला माझ्या गाड्या हाताळायला खूप आवडतात. वितळवताना वर जी राख जमते आणि नंतर कानस लावताना जो भुसा पडतो तो घरभर जातो, हाताला लागतो, लहान मुलांच्या पोटात जातो. मी बिस्मथ-कथील वापरते, ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथील, १३८ डिग्रीला वितळतो. साधं सिलिकॉनसुद्धा एवढं सहन करतं. बिस्मथ गोठताना आकसत नाही, उलट किंचित फुगतो, त्यामुळे बोल्टची डोकीसुद्धा भरून येतात. ठिसूळ असतो, वाकवला की तुटतो, आणि डाग द्यायला (सोल्डर करायला) गेलात तर पार्टच वितळेल, म्हणून इपॉक्सीने चिकटवा.

नौपाड्याचा_ओतारी
१३ जुलै, रात्री ९:३०

मान्य. घरात लहान मूल असताना शिशाचं मी सांगायला नको होतं, कारखान्यात एक्झॉस्ट होता आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही अशी शिस्त होती, फ्लॅटमध्ये ते कुठून आणणार. आणि कल्हईवाल्याचं कथील चालेल असं पण कोणी समजू नका, त्यात शिशाची भेसळ असू शकते, खात्रीचं शुद्ध घ्या. कथील एकटं वापरायचं तर २३२ डिग्री लागतात, त्याला जास्त उष्णता झेलणारं सिलिकॉन घ्यावं लागेल.

अजून एक, आणि हे सगळ्यांनीच वाचा. पावसाळ्यात धातूची कांडी, पळी, साचा, सगळं आधी गरम करून कोरडं करायचं. वितळलेल्या रसात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, अंगात सुती कपडे. माझ्यासोबतच्या एका मुलाचा हात असाच भाजलेला मी बघितला आहे, ओला चमचा घातला होता, बाकी काही नाही.

ऐरोली_शंटर
१४ जुलै, सकाळी १०:५०

धातूचे अ‍ॅक्सल बॉक्स लावणार असाल तर शॉर्टचं बघून घ्या. एचओच्या धातूच्या बऱ्याच चाकजोड्यांत एकाच बाजूचं चाक इन्सुलेटेड असतं, म्हणजे आख्ख्या अ‍ॅक्सलमध्ये दुसऱ्या बाजूच्या रुळाचा करंट असतो. बोगीतल्या एका अ‍ॅक्सलची तोंडं उलटी बसली तर धातूच्या बोगीतून दोन रूळ जोडले जातात आणि गाडी जागेवर उभी. सगळ्या चाकांची इन्सुलेटेड बाजू एकीकडेच ठेवा किंवा दोन्ही चाकं इन्सुलेटेड असलेले सेट घ्या. माझे दोन दिवस यात गेले होते, ट्रॅकच तपासत बसलो होतो.

आणि अ‍ॅक्सल बॉक्सची रुंदी बॉडीच्या मापाने ठरवा, रुळाच्या नको. आपला गेज १६७६, एचओला तो १९.३ मिलीमीटर पाहिजे आणि आपण चालवतो १६.५ वर. रुळाप्रमाणे आत घेतलात तर डबा समोरून बघताना पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. बाहेरून बरोबर मापावर ठेवा, चाक जरा आत राहिलं तर सावलीत कळत नाही.

पँटोग्राफ किंवा इंजिनाचा हॉर्न असं काही नाजूक पुढे करणार असाल तर झवेरी बाजारात दागिन्यांचं कास्टिंग करणारे आहेत, कास्टेबल रेझिनमध्ये (साच्यातून जळून निघून जाणाऱ्या) थ्रीडी प्रिंट काढून दिलं की पितळेत ओतून देतात, वजनावर पैसे. फक्त मास्टर दोन-तीन टक्के मोठा करा, धातू आकसतो. व्हेंटिलेटरसाठी तिकडे जायची गरज नाही.

कळवा_लूपलाइन
२० जुलै, रात्री १०:०५

ताई, कपाची टेस्ट केली. दहा मिनिटांत कपाच्या वर डोंगर आला. झाकणाला पापुद्रापण होता, मी तो मे महिन्यात खरवडून टाकला होता आणि त्याचा अर्थ मला तेव्हा कळलाच नाही. नवीन रेझिन आणलं, शंभर-शंभर मिलीच्या सहा बाटल्यांत काठोकाठ भरलं, साचा गरम केला, बेडरूमचा एसी लावून ओतलं. काकांनी सांगितलं तसं तिरकं धरून, एका कडेने. आज चोवीस नग काढले, त्यातले बावीस चांगले आहेत, दोघांत टोपीच्या कडेला हवेचा एकेक खड्डा आहे पण तो पुटीने भरेल. प्रेशर पॉट कॅन्सल.

पहिला डबा पूर्ण झाला. खिडकीत ठेवून डोळा फलाटाच्या उंचीवर आणून बघितलं तर छताची रेघ अगदी तशीच दिसते, ते उंचवटे असल्याशिवाय तो डबा आयसीएफ वाटतच नव्हता. आजोबा असते तर त्यांना दाखवला असता.

आता अ‍ॅक्सल बॉक्सच्या मास्टरला लागतोय. काका, स्प्रिंगच्या मागची पोकळी मास्टरमध्ये ठेवू की भरून टाकू? दोन भागांच्या साच्यात ती सुटेल असं वाटत नाहीये.

नौपाड्याचा_ओतारी
२० जुलै, रात्री १०:४०

भरून टाका आणि मागून काळा रंग द्या. स्प्रिंगचे वेढे मात्र खोल कोरा, सिलिकॉन मऊ असतं, तेवढी खाच ते सोडतं. मास्टर झाला की फोटो टाका, ओतायचं भोक कुठे ठेवायचं ते फोटोवर खूण करून सांगतो.