पाच वर्षांचा आराखडा दुसऱ्याच वर्षी कोलमडला, आता काय?

प्रश्न:
आमची छोटी संस्था, सात पगारी माणसं. निम्म्याहून जास्त पैसा एकाच देणगीदाराकडून येतो. त्यांनी परवा 'पुढचं काही सांगता येत नाही' एवढंच कळवलं. विश्वस्त म्हणतात, नवा आराखडा करा. मला तर सहा महिन्यांचाही अंदाज येईना. सुरुवात कुठून करू?

उत्तर १:
पाच वर्षांचं राहू द्या, आधी रोकड बघा. आमच्यावर ही पाळी आली तेव्हा मी ताळेबंद उघडून बसले. शिल्लक भरघोस दिसत होती. नीट पाहिलं तर बहुतेक रक्कम ठरावीक प्रकल्पांसाठी बांधलेली. पगाराला वापरता येईल असा पैसा जेमतेम अडीच महिन्यांचा! तेव्हापासून आमच्या आराखड्याचं पहिलं पान म्हणजे महिनावार आवक-जावक. ध्येय तेच ठेवलं, कामं मात्र दर तिमाहीला तपासतो. आणि शिल्लक कितीच्या खाली गेली की कुठलं काम थांबवायचं, हे आत्ताच लिहून ठेवा. ऐन वेळी बैठकीत ज्याला त्याला आपलंच काम लाडकं असतं.

उत्तर २:
सहमत. सोबत तीन शक्यता मांडा: पैसा आला, निम्मा आला, आलाच नाही. शेल ही तेलकंपनी १९७३च्या तेलसंकटाआधीपासून असं करायची. त्यांचे जाडजूड अहवाल असतील, आपल्याला एक तक्ता पुरतो.

प्रश्नकर्ती:
आत्ताच हिशेब केला. बांधील रक्कम वगळून चार महिने. कर्मचाऱ्यांना सांगू का?

उत्तर १:
सांगा. कुणकुण लागलेली असतेच.