अनुभव धागा: कार्यालयातला सचोटीचा माणूस आणि त्याच्याशी आपले वागणे

परवा फोर्टातून जाताना जुन्या कार्यालयाची इमारत दिसली आणि आमचे हेडक्लार्क आठवले. बाहेरच्या कामासाठी ते लोकलच्या दुसऱ्या वर्गाने जात आणि प्रवासभत्त्याच्या बिलात तेवढेच भाडे लावत. आम्हीही लोकलनेच जात असू, पण बिलात टॅक्सी लिहीत असू. त्यांनी कधी कुणाची तक्रार केली नाही की कुणाला सुनावले नाही, तरीही त्यांच्या खऱ्या बिलामुळे आमची बिले उघडी पडत होती आणि तेच आम्हाला खुपत होते. आम्ही त्यांना ‘हरिश्चंद्र’ म्हणत असू, आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी कुणी डबा उघडत नसे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; कुलाब्याला मात्र जेमतेम ७३ झाल्यामुळे लोकल बंद पडेपर्यंत आम्हाला कशाचीच कल्पना आली नाही. त्या रात्री कार्यालयात अडकलेल्या सर्वांसाठी त्यांनी कुणाच्याही मंजुरीशिवाय पेटी कॅश उघडून पाव आणि दूध आणवले, खर्च कागदावर मांडला आणि खाली एकट्याची सही केली. नियमावर बोट ठेवणारा माणूस, अशी आमची समजूत होती. ती त्या रात्री गेली. तुमचेही अनुभव लिहावेत.

मुलुंडवासी: अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ग्रॅच्युइटी द्यावी लागू नये म्हणून पाच वर्षे भरत आली की कामगारांना ब्रेक देत असत. १९७२ च्या कायद्यातली सलग सेवेची अट तिथे प्रत्येकाला तोंडपाठ होती. नव्या मॅडमनी त्या पत्रांवर सही करायला नकार दिला, तेव्हा आम्हा कामगारांनाच त्यात मॅनेजमेंटची चाल दिसली. कँटीनमध्ये पंधरा दिवस तीच चर्चा होती. त्यांची बदली झाली तेव्हा कुठे आमचा विश्वास बसला, आणि तोवर आभार मानायला त्या तिथे नव्हत्या.

गिरगावकर: ऑक्टोबर संपताना दक्षता सप्ताहात आमचे साहेब सचोटीची शपथ खणखणीत आवाजात वाचून घेत. त्याच साहेबांनी मागच्या तारखेची नोंद करायला लावल्याचे ज्यांना माहीत होते, त्यांचे ओठ त्या वेळी हलत नसत.

नेरूळची ताई: मुलुंडवासी दादा, मॅडमचा पत्ता मिळवून दोन ओळी अजूनही लिहाव्यात. त्या रात्री मीही फोर्टातच होते आणि घरी फोन लागत नव्हता, त्यामुळे त्या पाव-दुधाचे मोल मी जाणते. धागाकर्त्यांनी हेडक्लार्कांशी पुढे कधी मोकळेपणाने बोलणे झाले का, ते सांगावे.

धागाकर्ता: झाले, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. इतकी वर्षे तुमच्याजवळ जेवायला बसलो नाही, याची मी क्षमा मागितली. ते म्हणाले, “तुम्हाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मी डबा सुट्टीच्या आधीच संपवत असे.”