मदत हवी आहे : जोनाथन फ्रिडची अभिवाचनं कुठे ऐकायला मिळतील?

सध्या रोज रात्री जेवणं उरकली की 'डार्क शॅडोज' बघतोय. १९६६ ते ७१ मधली अमेरिकन भयमालिका, एकूण १२२५ भाग! सगळे बघणं अशक्य, म्हणून थेट २१०व्या भागापासून सुरुवात केली. शवपेटीतून हात बाहेर येतो आणि उघडणाऱ्याचा गळा धरतो, तो भाग. पुढच्याच भागात बार्नबस कॉलिन्स हा पिशाच्च दारात उभा. हातात लांडग्याच्या डोक्याची काठी, बोटात काळी अंगठी.

ही भूमिका करणारा जोनाथन फ्रिड मूळचा कॅनडातल्या हॅमिल्टनचा, मुरलेला रंगकर्मी. चित्रीकरण जवळपास सलग व्हायचं, त्यामुळे वाक्य विसरलं की नजर हळूच प्रॉम्प्टरकडे. गंमत म्हणजे तो अडखळलेला क्षणच पिशाच्चाची व्यथा वाटतो! (आमच्या हौशी नाटकात मी विसरलो तेव्हा लोक नुसते हसले होते.)

पुढे तो एकट्याने भयकथांची अभिवाचनं करत फिरायचा. त्यांचं ध्वनिमुद्रण कुणी ऐकलंय का? कुठे मिळेल? आम्हाला दिवाळीनंतर गूढकथांचं अभिवाचन करायचंय, त्याआधी त्याचे विराम नीट ऐकायचेत. याच मालिकेवरचा टिम बर्टनचा सिनेमा कृपया सुचवू नका, पाहून झालाय.