दरवर्षी एसीत गॅस भरावा लागतोय: दुरुस्ती करू की नवा इन्व्हर्टर एसी बसवू?

प्रश्न – खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे. इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा) नाही, गॅस जुन्या प्रकारचा, आर-२२, वय १० वर्षं. सलग दोन उन्हाळे गॅस भरून घेतला, पण दोन-तीन महिन्यांत थंडावा पुन्हा उतरतो. इनडोअरच्या कॉइलवर एका कोपऱ्यात बर्फ धरतो आणि बंद केल्यावर खाली पाणी टपकतं. फिल्टर दर १५ दिवसांनी धुतला जातो.

आणखी एकदा गॅस भरावा का? नवा आर-३२ (नव्या प्रकारचा गॅस) वाला घेतला तर भिंतीतून गेलेली जुनी तांब्याची पाइप (१/४ आणि १/२ इंच, अंदाजे ६ मीटर) चालेल का? आणि हिवाळ्यात रूम हीटर लावावा लागतो, तर मग हॉट अँड कोल्ड (थंड आणि गरम दोन्ही करणारं) मॉडेलच घ्यावं का?

उत्तर – कॉइल आणि फिन

आधी गॅसबद्दल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, त्यामुळे कमी झाला असेल तर तो गळलाच आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं.

बर्फ कुठे धरतो हे नीट बघा. कॉइलवर सगळीकडे सारखा बर्फ असेल तर हवा कमी पडतेय: फिल्टर, कॉइलच्या मागच्या बाजूचा मळ किंवा ब्लोअरच्या पात्यांवर साचलेला थर. कॅपिलरीतून (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीतून) गॅस जिथे कॉइलमध्ये शिरतो तेवढ्याच भागात बर्फ असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. आर-२२ चा सक्शन दाब (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) ५७-५८ पीएसआयच्या खाली गेला की गॅस शून्य अंशाखाली उकळू लागतो. कॉइलचा सुरुवातीचा भाग गोठतो आणि पुढचा कोमट राहतो. एसी बंद केल्यावर तोच बर्फ एकदम वितळतो आणि पाणी ट्रेच्या बाहेर सांडतं. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं. तरी ड्रेन पाइपमध्ये शेवाळ अडकलं नाही ना, तेही पाहून घ्या.

गळती शोधायची सुरुवात आउटडोअरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हवरच्या (पाइप जिथे जोडतात त्या व्हॉल्व्हवरच्या) फ्लेअर नटांपासून करायची. फ्लेअर म्हणजे पाइपचं कर्ण्यासारखं फाकवलेलं टोक, नट ते दाबून धरतो. गॅससोबत थोडं तेलही बाहेर येतं, म्हणून जोडाभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसली की संशय तिथेच. मग उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून नायट्रोजनचा दाब साधारण २५० पीएसआय द्यायचा, सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावायचं आणि काही तास दाबाच्या गेजचा काटा खाली येतो का पाहायचं. दाबासाठी ऑक्सिजन कधीही वापरू द्यायचा नाही. आतल्या तेलाशी त्याचा संबंध आला तर स्फोट होतो.

गळती फ्लेअर नटाची निघाली तर फ्लेअर कापून नवा करा, काम झालं. पण इनडोअरच्या कॉइललाच बारीक भोकं पडली असतील तर ब्रेझिंगच्या (धातू वितळवून भोक बुजवण्याच्या) नादी लागू नका. तांबं ठिकठिकाणी कुरतडलेलं असतं, एक भोक बुजवलं की काही दिवसांत शेजारी दुसरं उघडतं. १० वर्षांच्या यंत्राला नवी कॉइल घालण्यापेक्षा यंत्रच बदललेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्तर – फ्लेअर नट

पाइपबद्दल. शक्य असेल तर नवीच टाका. आर-३२ चा दाब आर-२२ च्या साधारण १.६ पट असतो. गॅस ५० अंशांवर द्रवरूप होत असताना आर-२२ चा दाब २६५ पीएसआयच्या आसपास राहतो, तर आर-३२ चा ४४० च्या घरात जातो. जुनी पाइप पातळ असेल किंवा भिंतीत कुठे जोड असेल तर तोच आधी दगा देईल. नव्या पाइपची जाडी किमान ०.८ मिमी घ्या.

दुसरी अडचण तेलाची. आर-२२ च्या यंत्रात मिनरल ऑइल असतं, आर-३२ ला ते चालत नाही. पाइप काढणं अशक्यच असेल तर फ्लशिंगचं द्रावण आणि नायट्रोजन वापरून ती स्वच्छ करायची, दोन्ही टोकांचे फ्लेअर कापून नवे करायचे आणि नव्या यंत्रासोबत आलेले नट लावायचे. जुना कॉम्प्रेसर जळालेला असेल तर मात्र पाइप फेकूनच द्या, आत आम्ल राहतं.

जुना एसी काढताना एक धोका आहे. गळती असलेल्या यंत्राचं पंप-डाउन (कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेणं) करू देऊ नका. गळतीतून हवा आत ओढली जाते, कॉम्प्रेसरमध्ये हवा आणि तेल एकत्र दाबलं जातं आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो.

खिडकीपाशी

धन्यवाद. मेकॅनिक म्हणतो की बसवताना व्हॅक्यूम पंपाची गरज नाही, यंत्रातलाच थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर काढतो. चालेल?

फ्लेअर नट

अजिबात नाही. त्याने हवा पुरती जात नाही आणि ओलावा तर मुळीच नाही. आर-३२ सोबतचं तेल ओलावा शोषून घेतं, पुढे आम्ल बनतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांना) खातं. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तो खोलीत सोडायचा नसतो.

व्हॅक्यूम पंप लावून मायक्रॉन गेजवर (पाइपमध्ये उरलेला दाब मोजणाऱ्या उपकरणावर) आकडा ५०० च्या खाली आणायचा. मग पंप वेगळा करून १० मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे, चढतच राहिला तर गळती आहे. नट टॉर्क पान्याने आवळायचे: १/४ इंची साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, १/२ इंची ५० ते ६०. नुसत्या हाताच्या अंदाजाने जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो. जादा गॅस लागलाच तर तो वजनकाट्यावर भरायचा. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलत असतो, त्यामुळे फक्त दाब पाहून गॅस किती आहे ते कळत नाही.

उत्तर – उबदार कोपरा

हॉट अँड कोल्ड जरूर घ्या. रूम हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. हा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, म्हणून सौम्य थंडीत त्याच विजेत तीन-चार पट उष्णता मिळते. बाहेर थंडी वाढेल तसं हे प्रमाण घटतं. कंपनीचा हीटिंगचा आकडा सहसा बाहेर ७ अंश धरून दिलेला असतो. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात असेल तर त्या तापमानाचा आकडा वेगळा मागून घ्या.

थंडीत आउटडोअरवर बर्फ धरतो. मग फोर-वे व्हॉल्व्ह (गॅसची दिशा बदलणारा) काही मिनिटं उलटतो, आतला पंखा थांबतो आणि बाहेर वाफ दिसते. तो डिफ्रॉस्ट (बर्फ वितळवण्याची क्रिया) आहे, बिघाड नाही. त्याचं पाणी आउटडोअरखाली पडतं, तर तिथे निचऱ्याची सोय आधीच करा. गरम हवा वर चढते, म्हणून हीटिंगला इनडोअरच्या हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा पूर्ण खाली वळवा.

कॉइल आणि फिन

बसवून झालं की मेकॅनिक असतानाच एक चाचणी घ्या. १६ अंश आणि पूर्ण वेगाचा पंखा लावून १५ मिनिटं चालवा. इनडोअरमध्ये वरून शिरणारी आणि खालून निघणारी हवा थर्मामीटरने मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा हवा. कमी आला तर आउटडोअरची गरम हवा भिंतीला आपटून परत त्याच्यातच जातेय का, ते पहिलं बघा.