मदत हवी आहे: हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतले शब्द कोणी समजावून सांगेल का? (कोरेगाव, सातारा)

नमस्कार मंडळी,

घरची डिझेल गाडी काढून दसऱ्याला नवी घ्यायचं ठरलंय. साताऱ्याला रोजचं जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतं, शिवाय महिन्यातून एकदा वडिलांना डोळे तपासायला पुण्याला न्यायचं असतं.

रविवारी तीन शोरूम पालथी घातली. तिन्हीकडे "हायब्रिड आहे साहेब" एवढंच ऐकलं. एका ठिकाणी मुलाने माहितीपत्रकाच्या मागे बॉलपेनने लिहून दिलं: '३० केडब्ल्यूएच, ३.३ केडब्ल्यू, सीसीएस २, एलएफपी, रीजेन'. घरी वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यातलं तुला काय कळलं?" मला काही सांगता आलं नाही. साठवलेले पैसे घालायचे आणि काय घेतोय तेच माहीत नाही, हे मनाला पटत नाही.

माइल्ड आणि स्ट्राँग हायब्रिडमध्ये नेमका फरक काय? केडब्ल्यू आणि केडब्ल्यूएच एकच का? मळ्यात ५ एचपीची मोटार आहे, त्याच कनेक्शनवर गाडी चार्ज केली तर चालेल का? कागदावरची रेंज किती खरी धरायची? कोणती गाडी घेऊ हे नंतर विचारेन, आधी शब्द कळू देत.

प्रतिसाद १ (वाई)

दादा, तुमच्या मोटारीवरूनच सांगतो. ५ एचपी म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. केडब्ल्यू म्हणजे हा जोर. ती मोटार तासभर चालली की मीटरवर ३.७ युनिट पडतात, ते केडब्ल्यूएच. म्हणजे '३० केडब्ल्यूएच' ही ३० युनिट मावणारी टाकी आणि '३.३ केडब्ल्यू' हा ती भरण्याचा वेग. रिकामी बॅटरी भरायला थोडी गळती धरून दहा तास, म्हणजे रात्री लावा आणि सकाळी काढा. सीसीएस २ हे बाहेरच्या जलद डीसी चार्जरच्या प्लगचं नाव.

मळ्याच्या कनेक्शनवर मात्र अजिबात लावू नका. त्या विजेचा सवलतीचा दर फक्त शेतीसाठी असतो, गाडी चार्ज केली तर तो अनधिकृत वापर ठरतो.

माइल्ड हायब्रिडमधली छोटी बॅटरी इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँगमध्ये कमी वेगाला गाडी खरोखर विजेवर चालते, पण ती वीज इंजिन आणि ब्रेकमधूनच येते, प्लग नसतो. प्लग-इन हायब्रिडला प्लग आणि पेट्रोल दोन्ही. ग्रँड व्हिटारासारख्या एकाच नावाच्या गाडीत माइल्ड आणि स्ट्राँग दोन्ही मिळतात, म्हणून नुसतं 'हायब्रिड' ऐकून बुकिंग करू नका. "इंजिन बंद ठेवून ही चालते का?" एवढं विचारा.

प्रतिसाद २ (सातारा)

मी दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतेय. कागदावरची रेंज ठरावीक चाचणीतली असते. हायवेला शंभरच्या वेगाने एसी लावून गेलात की बरीच कमी होते. मी एका युनिटला ६-७ किलोमीटर धरते, म्हणजे तुमच्या ३० युनिटमध्ये दोनशेच्या आतबाहेर. रोजच्या चाळीसला भरपूर आहे. पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं तर मध्ये चार्जिंग लागेलच, वडील सोबत असल्यावर तो वेळ धरून निघा.

रीजेन म्हणजे पाय काढला की मोटार उलट वीज बनवते. यवतेश्वरचा घाट चढताना टक्के भराभर जातात, उतरताना थोडे परत येतात. फक्त वर बॅटरी पूर्ण भरून उतरलात तर ती वीज ठेवायला जागाच नसते, मग साध्या ब्रेकवर जास्त भार येतो.

एलएफपी हा बॅटरीचा प्रकार. वजनाला थोडी जड, पण उन्हाला आणि रोजच्या चार्जिंगला चिवट. वॉरंटी बऱ्याच ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, पण क्षमता किती घटली तर बदलून देणार हे लेखी घ्या.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. आता कागदावर प्रत्येक शब्दापुढे वडिलांनी मराठीत अर्थ लिहून ठेवलाय. घरचं वीजबिल काढून पाहिलं, मंजूर भार २ किलोवॅटच आहे आणि चार्जिंग ३.३ किलोवॅटचं. भार वाढवायचा अर्ज गाडी घेण्याआधी करू की नंतर? अंगणातली अर्थिंग तपासायला उद्या वायरमन येतोय, त्याला आणखी काय विचारू?